गाईला शेळीची लस: लम्पीच्या साथीतला एक दिवस

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीची, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या विषाणूजन्य रोगाची साथ ऐन भरात होती. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि बघता बघता आमच्या नगर जिल्ह्यातूनही फोन सुरू झाले. लसीकरणाच्या फेरीत एका गोठ्यापाशी पोहोचलो, तर मालकांनी दावणीपासून बाजूला काढलेली तीन जनावरं दाखवली. “डॉक्टर, तिन्हींना लम्पीच झालाय. जे काय इंजेक्शन असेल ते तिघींना देऊन टाका.”

अंगावर तिघींच्याही काही ना काही उठलं होतं. तपासल्यावर निघाले तीन वेगळे रोगकारक: एक विषाणू, एक बुरशी आणि एक एकपेशीय आदिजीव. एकच इंजेक्शन दिलं असतं, तर एक गाय नक्की गेली असती.

पहिली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय. ताप १०६ फॅरनहाइट, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, गळ्याखालच्या पोळीवर सूज, दूध निम्म्यावर. मानेपासून मांड्यांपर्यंत दोन ते पाच सेंटिमीटरच्या गोल, टणक गाठी होत्या. लम्पीची गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळते. कातडी चिमटीत धरून उचलली की गाठ कातडीबरोबरच वर येते, कारण ती कातडीच्या पूर्ण जाडीत असते. तिच्यावरचे केस ताठ उभे राहतात. ॲलर्जीने उठलेली गांधी पसरट, मऊ असते आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत विरते. या गाईच्या दोन जुन्या गाठींचा मधला भाग काळा पडून कडेने सुटायला लागला होता. हा बुचासारखा तुकडा गळून पडला की खाली खोल खड्डा राहतो.

लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला. डीएनए असलेले बहुतेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून तिथली यंत्रणा वापरतात. देवीचं कुळ केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातच वाढतं, कारण डीएनएवरून आरएनए उतरवणारं विकर (एन्झाइम) ते स्वतःच्या कणातच घेऊन येतं. सुमारे दीड लाख बेसजोड्यांचा जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकसंच, आणि दीडशेच्या वर जनुकं, म्हणजे विषाणूच्या मानाने मोठाच पसारा. तरीही त्याच्याकडे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, नाही. प्रत्येक प्रथिन गाईच्या पेशीच्या रायबोसोमवरच बनवून घ्यावं लागतं. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं, टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमवर. विषाणूकडे यातलं काहीच नसल्यामुळे ही औषधं त्याला लागतच नाहीत. या गाईला मी प्रतिजैविक दिलं ते फुटणाऱ्या गाठींमध्ये जिवाणू शिरतात म्हणून. सोबत वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मेलोक्सिकॅम (ताप आणि सूज उतरवणारं औषध), जखमांची रोजची सफाई आणि माश्या बसू नयेत म्हणून मलम. विषाणूशी लढणं गाईच्या प्रतिकारशक्तीचंच काम.

दुसरी कालवड. ताप नाही, चारा व्यवस्थित खात होती. डोळ्यांभोवती आणि मानेवर राखाडी, पिठूळ खपल्यांचे गोल चट्टे आणि त्यावरचे केस गळालेले. हे गजकर्ण, म्हणजे बुरशी. कडेचे केस आणि खपली खरवडून काचपट्टीवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली. केसातलं आणि कातडीतलं केराटिन हे प्रथिन विरघळलं की केसाभोवती बुरशीच्या बीजाणूंच्या माळा सूक्ष्मदर्शकात स्वच्छ दिसतात. बुरशी पूर्वी वनस्पतींमध्ये गणली जायची, पण वंशाने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. म्हणून बुरशीला मारेल आणि जनावराला इजा करणार नाही असं औषध शोधणं अवघड जातं. इथे खपल्या मऊ करून काढणं आणि रोज पोव्हिडोन आयोडीन लावणं पुरेसं होतं. लम्पी माणसाला होत नाही, गजकर्ण होतं. त्यामुळे कालवडीला हात लावल्यावर साबणाने धुवायला घरातल्या मुलांना बजावलं.

जीव जाणार होता तो तिसऱ्या गाईचा. तिलाही १०६ ताप आणि अंगावर बारीक गाठी. पण त्या गाठी चिमटीत लम्पीसारख्या लागेनात. खांद्यापुढची लसिका ग्रंथी मुठीएवढी, डोळ्याची आतली कड फिकट पिवळट, कानाच्या आत आणि कासेजवळ गोचिडांचे घोस. लम्पीतही लसिका ग्रंथी सुजतात, म्हणून नुसत्या सुजेवर भिस्त ठेवता येत नाही. ग्रंथीत सुई घालून आलेला द्रव काचपट्टीवर पसरला, मिथेनॉलने पक्का केला, दवाखान्यात नेऊन अर्धा तास जिम्सा रंगात ठेवला. पांढऱ्या पेशींच्या आत निळसर ठिपकेदार गोळे दिसले: थायलेरिया. हा आदिजीव हिवतापाच्या परजीवीच्या संघातला. पांढऱ्या पेशीत शिरून तिला विभागायला लावतो आणि तिच्याबरोबर स्वतःही वाटला जातो. पुढे तो तांबड्या पेशीत उतरतो आणि गाय रक्तक्षयाने खचते. याच्यावर खास औषध आहे: बुपारव्हाक्वोन, किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या बाटलीतलं वीस किलोला एक मिलि. तीनशे किलोच्या गाईला पंधरा मिलि, मानेच्या स्नायूत दोन जागी विभागून. लम्पी समजून नुसता ताप उतरवत बसलो असतो, तर हे औषध द्यायची वेळ निघून गेली असती. साथीच्या दिवसांत हा धोका मोठा असतो. एकच नाव सगळ्यांच्या तोंडी असतं आणि बाकीचे रोग त्याच्या आड लपतात.

दोन्ही रोग एकाच जनावरात असू शकतात, म्हणून दोन्ही गाईंचं रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घेतलं. पहिल्या गाईच्या गाठीवरची खपलीही विषाणू वाहक द्रवात घातली. रक्तात हा विषाणू थोडेच दिवस सापडतो, खपलीत मात्र महिनाभरही टिकतो. खपली फॉर्मेलिनमध्ये टाकू नये, डीएनए खराब होतो आणि पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, फसते. नमुने बर्फावर पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेले.

उरलेल्या निरोगी जनावरांना लस द्यायला घेतली, तेव्हा घरातल्या आजोबांनी कुपीवरचं नाव वाचलं. “साहेब, ही तर शेळ्यांच्या देवीची. गाईला कशी चालंल? आणि लाळ्या-खुरकुताची लस दिलीय आम्ही, ती तर गाईचीच हाय. ती का नाही चालत?”

प्रश्न नेमका होता. विषाणूची जवळीक तो कोणत्या जनावरात सापडतो त्यावर ठरत नाही. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी या तिघांचे विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच प्रजातीगटातले. त्यांचे जीनोम साधारण ९६-९७ टक्के सारखे. शेळीचा दुबळा केलेला उत्तरकाशी वाण गाईच्या शरीराने ओळखला की लम्पीही बऱ्याच अंशी ओळखला जातो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आहे गाईचाच, पण कूळ निराळं: बारीक, आवरण नसलेला, आरएनएचा. आरएनएची नक्कल होताना चुका दुरुस्त होत नाहीत, म्हणून तो सतत बदलतो. त्याचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला रोखत नाही. भारतातल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तिन्ही घालावे लागतात ते यासाठी. देवीच्या कुळाचा डीएनए फार हळू बदलतो. लम्पीची स्वतःची लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी बनवून त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केली होती, पण गावात हाताशी होती ती शेळीची.

गोठा धुण्यातही हाच फरक चालतो. लम्पीच्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं. दोन टक्के फिनॉलने तो पंधरा मिनिटांत मरतो. लाळ्या-खुरकुतावर फिनॉलचा भरवसा नाही, तिथे चार टक्के धुण्याचा सोडा लागतो. दोन्हींच्या आधी शेण खरवडून काढायचं, नाहीतर औषध शेणातच जिरतं.

लस जिवंत विषाणूची, म्हणून कुपी दोन ते आठ अंशांत आणि विरघळवायचं पाणीही थंडच. मिसळल्यावर बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. सुया उकळलेल्या हव्यात. स्पिरिटने पुसलेल्या सुईत लसच मरते. एक मिलि, मानेवर कातडीखाली, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. साथीत एका सुईने दहा गाई टोचणारा माणूस माशीचंच काम करतो. संरक्षण यायला साधारण तीन आठवडे लागतात आणि रोग अंगात मुरायला चार ते चौदा दिवस, कधी त्याहून जास्त. लशीनंतर आठवड्याभरात गाठी आल्या तर रोग बहुधा आधीच आत होता. हे मालकांना आधीच सांगून ठेवलं, कारण नंतर दोष लशीवर येतो आणि शेजारचे गोठे टोचून घ्यायचे राहतात.

अहवाल आला: पहिली गाय लम्पी, तिसऱ्या गाईत लम्पीचा मागमूस नाही. तिसरीचा ताप तोवर उतरला होता. तिच्या गोठ्यातल्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवायला सांगितल्या, कारण रक्त पिऊन गळालेली गोचीड अंडी घालायला तिथेच जाते.