तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच अंगणवाडीत सहा महिने कशाला?

"एकच अंगणवाडी, बावीस मुलं. यावरून काय सिद्ध होणार?" व्याख्यानानंतर, एसटीत, घरी जेवताना, सगळीकडे हेच. अभ्यासासाठी मी सहा महिने एकाच अंगणवाडीत बसून दिसलं ते वहीत लिहीत होते. ते का, हे एकदा नीट सांगते.

मूल आलं की नाही हे हजेरीपट सांगतो. का आलं नाही, आलं तर गप्प का, हे सांगत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी या गावी गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. हे दारात जाऊन बसल्याशिवाय सुचत नाही.

पण एवढं बोलून मी सुटत नाही. पहिल्या महिन्यातली माझी नोंद अशी: '११.१० ते ११.३५. सेविका मोबाइलमध्ये. मुलं सतरंजीवर. एक मुलगा ठोकळा मागतो. दोनदा हाक. प्रतिसाद नाही.' या काटेकोर नोंदीचा मला अभिमान होता. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते दाखवायचं, ही अशा दीर्घ निरीक्षणाच्या आमच्या पद्धतीतली रीत. म्हणून चौथ्या महिन्यात सेविकाताईंना वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"ताई, आहाराच्या नोंदी भरत होते मी. रेंज त्या खिडकीपाशीच येते. मदतनीस रजेवर होती. तुम्ही तिथंच बसला होतात ना? मग ठोकळा तुम्ही का नाही दिलात?"

ठोकळा माझ्या पायापाशी होता. वहीत तेही नव्हतं.

तेव्हा मी मनात म्हटलं, निरीक्षकानं मध्ये पडलं की नोंद बिघडते. आज वाटतं, मी खोलीत पाय ठेवला तेव्हाच ती बिघडली होती. आणि तरीही, उठून ठोकळा दिला असता तर त्या बाईवरचा ताण मला दिसला असता का? यावर माझं माझ्याशीच अजून जुळलेलं नाही.

मी वहीऐवजी पडताळासूची, म्हणजे तयार रकान्यांत खुणा करायची यादी, वापरली असती आणि 'प्रतिसाद नाही' या रकान्यात नुसती खूण झाली असती, तर ती सेविकाताईंना कुणी वाचून दाखवली नसती. हे मी ठामपणे म्हणते. पण माझ्या वहीतही ती नोंद चौथ्या महिन्यापर्यंत खरी म्हणूनच बसली होती.

अहवालात ती खोडली नाही. खाली ताईंचं म्हणणं लिहिलं, त्याखाली ठोकळा कुठे होता ते. त्या मुलाला शेवटी ठोकळा मिळाला का, हे मला आठवत नाही. वहीतही नाही.