एकही गोळी न झाडलेल्या माणसाच्या रक्तातलं शिसं

"मॅडम, लॅबने नमुन्यांची अदलाबदल केली असेल का?" रक्ततपासणीचे अहवाल पुढे सरकवत व्यवस्थापकांनी विचारलं. शंका रास्त होती. नेमबाजीच्या या इनडोअर रेंजवर अर्धं आयुष्य घालवलेले रेंज ऑफिसर 20 च्या आत होते, आणि ज्यांनी कधी बंदूक हातातही धरली नव्हती ते सफाईचे काका 40 ला टेकले होते. हे आकडे एका डेसिलिटर रक्तातल्या शिशाचे, मायक्रोग्रॅममध्ये. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रौढांसाठी 5 किंवा त्याहून जास्त पातळी 'वाढलेली' मानली. उलट तिथल्याच ऑशाच्या, म्हणजे कामगार-सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, 1978 च्या नियमानुसार कामगाराला कामावरून बाजूला करायची वेळ 60 वर येते. म्हणजे त्या जुन्या कागदावर काका ठणठणीत. प्रत्यक्षात त्यांचं पोट सतत दुखायचं, शौचाला साफ होत नव्हतं, आणि दुपारनंतर अंगात त्राण राहत नव्हतं. वयाचं दुखणं म्हणून ते गप्प बसले होते.

अदलाबदल झालेली नव्हती. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तानेही तेच सांगितलं. औद्योगिक आरोग्याचं काम करताना अशा वेळी मी अहवाल बाजूला ठेवते आणि जागा बघायला जाते.

रेंजवर शिसं म्हटलं की सगळ्यांचं बोट लक्ष्यामागच्या, गोळ्या अडवणाऱ्या बुलेट ट्रॅपकडे जातं, कारण तिथला चुरा डोळ्यांना दिसतो. न दिसणारं शिसं मात्र नेमबाजाच्या नाकासमोरच सुटतं. नेहमीच्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्यात, लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. घोडा पडला की ते पेटतं, आणि त्याचा धूर नळीच्या तोंडातून, थोडा ब्रीचमधूनही, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातूनही, बाहेर येतो. गोळीला तांब्याचं कवच नसेल तर तापलेल्या वायूंनी तिचं बूडही वितळतं, शिवाय नळीच्या आट्यांवर घासून कण सुटतात ते वेगळेच. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे 0.22 इंची छोट्या काडतुसात बहुधा या सगळ्याच गोष्टी एकत्र येतात.

व्यवस्थापकांना त्यांच्या पंख्यांचा भारी अभिमान होता. मोठे एक्झॉस्ट, नवी मोटर, अतिबारीक कण अडवणारे हेपा फिल्टर. फायरिंग लाइनवर मी वाऱ्याचा वेग मोजला. नायॉशची शिफारस मिनिटाला 75 फुटांची आहे, निदान 50 तरी हवा. इथली सरासरी 80 च्या पुढे होती. "बघा!" ते म्हणाले.

सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही. मी धुराची नळी काढली, रबरी फुगा दाबला की पांढऱ्या धुराची रेघ सोडणारी, आणि कोचना रिकामं पिस्तूल घेऊन लेनमध्ये नेहमीच्या पवित्र्यात उभं राहायला सांगितलं. लेन रिकामी ठेवून केलेल्या चाचणीला अर्थ नसतो, कारण माणूस उभा राहिला की वारा बदलतो. मधल्या लेनमध्ये धूर सरळ लक्ष्याकडे गेला. कडेच्या लेनमध्ये तो कोचच्या मनगटापर्यंत गेला, घुटमळला, आणि नदीतल्या खांबामागे पाणी फिरतं तसा वळून त्यांच्या हनुवटीखाली आला. तिथून मागे, बसायच्या बाकांकडे.

कारण वर बघितल्यावर कळलं. आत येणारी हवा मागच्या भिंतीतून सगळ्या रुंदीत, संथ आणि एकसारखी यायला हवी. इथे ती छतातल्या दोन जाळ्यांतून जोरात खाली आदळत होती. त्यात कुणीतरी उकडतं म्हणून बाकांजवळ स्टँडचा पंखा लावला होता, तोही आडवा. मोटर आणखी मोठी बसवू का, असं व्यवस्थापकांनी विचारलं. मी नको म्हटलं. हवा उलटी फिरत असेल तर मोठी मोटर तिला आणखी जोरात उलटी फिरवते. एकच गोष्ट त्यांनी बरोबर केली होती: बाहेर फेकली जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के जास्त होती, त्यामुळे रेंजची हवा ऑफिसात शिरत नव्हती.

पण यातून रेंज ऑफिसरांचे आकडे समजत होते, काकांचे नाही.

सराव संपला, दिवे अर्धे बंद झाले, आणि वीज वाचवायची म्हणून एक्झॉस्टही बंद झाला. मग काका झाडू घेऊन आले. फायरिंग लाइनपासून ट्रॅपपर्यंत कोरडा झाडू, रिकाम्या पुंगळ्या आणि धूळ सुपलीत, सुपली पिशवीत. मी त्यांच्या कॉलरला हवेचा नमुना घेणारा पंप लावला होता. ऑशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम आहे. लॅबचा अहवाल आला तेव्हा काकांच्या झाडण्याच्या वेळेतला आकडा त्याच्या कितीतरी पट होता, आणि त्याच दिवशी कोचना लावलेल्या पंपाच्याही बऱ्याच वर.

"काका, फिल्टर कोण बदलतं?"

"मीच की. आधी आपटून झाडतो, मग नवा घालतो."

"तोंडाला काय बांधता?"

त्यांनी खांद्यावरचा रुमाल दाखवला.

त्या संध्याकाळी कोरडा झाडू बंद झाला. साधा व्हॅक्यूमही चालत नाही: बारीक शिसं त्याच्या पिशवीतून आरपार जातं, आणि फायरिंग लाइनपुढे पडलेली न जळलेली दारू मोटरच्या ठिणगीने पेटू शकते. म्हणून हेपा फिल्टरचा, स्फोटरोधक व्हॅक्यूम आणि ओलं पुसणं. सफाई होईपर्यंत एक्झॉस्ट चालू. फिल्टर बदलायला प्रशिक्षित माणूस, चेहऱ्यावर नीट बसणारा रेस्पिरेटर घालून, आणि जुना फिल्टर न आपटता बंद पिशवीत, घातक कचरा म्हणून. छतातल्या जाळ्यांच्या जागी मागे छिद्रांची भिंत उभारायला वेळ लागला, खर्चावरून वादही झाले. स्टँडचा पंखा मात्र मी स्वतः उचलून बाहेर ठेवला.

कपड्यांचा मुद्दा काढल्यावर काका पहिल्यांदा घाबरले. त्याच कपड्यांत, त्याच चपलांनी ते घरी जात, आणि घरी रांगणारी नात होती. लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 2021 पासून लक्ष देण्याची पातळी 3.5 वर आणली आहे. नातीचा अहवाल त्याच्या थोडा वर आला. औषध लागलं नाही. घर ओल्या फडक्याने पुसून काढलं, काकांचे कामाचे कपडे रेंजवरच धुवायला सुरुवात झाली, चपला तिथेच राहू लागल्या. पुढच्या तपासणीत ती खाली आली.

काकांना काही काळ रेंजबाहेरचं काम दिलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, त्यांचा आकडाही सुरुवातीला भराभर उतरला. रेंज ऑफिसरांचा जेमतेम हलला. इतक्या वर्षांचं शिसं हाडांत साठलेलं असतं आणि तिथून ते रक्तात हळूहळू परत झिरपत राहतं. सरावाला तरी शिसंविरहित प्रायमरची काडतुसं वापरा असं मी त्यांना सुचवलं. "नेम बदलतो हो मॅडम," ते म्हणाले. निदान बाकावर बसून चहा प्यायचं तरी त्यांनी सोडलं आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायलाही ते तयार झालेत, कुरकुरत का होईना.