पहिले दोन हजार किलोमीटर

शनिवार, रात्री साडेअकरा. बर्लिन.

नव्या गाडीचा मीटर १००३. सकाळी म्युनिकहून निघाले तेव्हा ४१२ होता. सगळे झोपलेत. मला झोप येत नाहीये, तर आजचं आजच लिहून ठेवते.

गाडी हातात येऊन दोन आठवडे झाले. बीएमडब्ल्यू एम३ टूरिंग, आइल ऑफ मॅन हिरवा. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, दोन टर्बो, ५३० हॉर्सपॉवर, ताकद चारही चाकांना. शंभरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आसपास. आणि एवढं सगळं असून मागे पाचशे लिटरची डिकी. सीट पाडल्या की १५१० लिटर. इथे लांब डिकीच्या गाडीला कोंबी म्हणतात आणि घरटी एक असते. पण एम३ मात्र कोंबीच्या रूपात कधी विकायला आलीच नव्हती. २००० साली कंपनीने एक नमुना बनवला आणि तो तसाच ठेवून दिला. विकायची गाडी जाहीर झाली ती थेट २०२२ मध्ये. त्या वर्षी मी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

दोन आठवडे नुसतं घर ते ऑफिस. आज पहिला लांबचा रस्ता. धाकट्या भावाला बर्लिनला नोकरी लागली, त्याचं सामान पोचवायचं होतं, आणि आई-बाबा कराडहून आलेलेच आहेत. म्हणून चौघांच्या घरातलं निम्मं सामान डिकीत भरून तिघं निघालो.

एक अट होती. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय: पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर न्यायची नाही, ताशी १७० च्या वर जायचं नाही, आणि एकाच वेगाने रेटत राहायचं नाही, वेग आणि इंजिनचे फेरे बदलते ठेवायचे. दोन हजार झाले की वर्कशॉपला न्यायची, इंजिनचं आणि डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल बदलायचं. गाडी स्वतः अडवत नाही. सगळं चालवणाऱ्यावर सोडलेलं.

हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. “बरोबर आहे की. इंजिन बसू दे आधी.” मोटार-पंप रिपेअरीचं दुकान चाळीस वर्षं चालवलेला माणूस. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून घासून जुळतात, गिअरचे दात एकमेकांची ओळख करून घेतात, आणि त्यातून जो बारीक चुरा पडतो तो पहिल्या तेलाबरोबर काढून टाकायचा. हे मला पुस्तकातून कळलं, त्यांना हाताला माहीत होतं. मला वाटत होतं की इतक्या बारीक मापात बनलेल्या इंजिनाला हे कशाला लागतं. ते म्हणाले, “माप कितीही बारीक असू दे, लोखंडाला लोखंडाची सवय व्हावी लागते.”

आमच्याकडे टाटा इस्टेट होती. ही गाडी १९९२ ला आली. बाबांनी चार वर्षांनी जुनी घेतली. पुढे आई-बाबा, मध्ये आम्ही दोघं, मागे दुरुस्त केलेल्या मोटारी गोणपाटात गुंडाळून. मालाची डिलिव्हरी आणि आमची सहल एकाच फेरीत व्हायची. मला वॅगनचं, म्हणजे अशा लांब डिकीच्या गाडीचं वेड लागलं ते तिथूनच. भारतात पुढे टाटाची इंडिगो मरिना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, लोकांनी काही त्यांना जवळ केलं नाही, आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटलं. एकाच गाडीत माल मावतो, माणसं मावतात आणि ती रस्त्याला धरूनही चालते. यापेक्षा शहाणी गाडी मला आजवर सापडलेली नाही.

सकाळी सामान भरणं हे बाबांचं काम. जड ते खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून, हलकं मागे. त्यात तांदळाची गोणी, पाच लिटरचा कुकर, पोळपाट, लोखंडी तवा, पुस्तकांचे चार खोके, घडीचं टेबल. तळाला रबरी पट्ट्या आहेत, डिकी लावून गाडी सुरू केली की त्या जरा वर येतात आणि सामान सरकत नाही. बाबांनी मला ते तीनदा करायला लावलं आणि वाकून बघत राहिले. मग सीटच्या मागे जाळी ओढली.

म्युनिकमधून बाहेर पडेपर्यंत गाडी कडक वाटते, हे खरंच आहे. मागची टायर वीस इंची, त्यांची बाजू बोटभर. ट्रामचे रूळ ओलांडताना प्रत्येक सांधा कमरेला कळतो. आई मागे बसलेली. तिच्यासाठी म्हणून मी कार्बनच्या खोल सीटचा नाद सोडला होता आणि सस्पेन्शन सगळ्यात मऊवर ठेवलं होतं. ती काही बोलली नाही, पण पर्स पाठीमागे घेऊन टेकून बसली.

ए९ हायवेला लागलो आणि चित्र पालटलं. शंभरच्या पुढे तोच कडकपणा वेगळाच होऊन समोर आला. गाडी डुलत नाही, हेलकावत नाही. होलेडाऊत दोन्ही बाजूंना हॉप्सचे, बिअरमध्ये घालतात त्या वेलांचे मळे, उंच खांबांवर तारा ताणलेल्या, वेल नुकतेच चढायला लागलेले. तिथे १३० वर आठव्या गिअरमध्ये इंजिन दोन हजारांच्या जरा वर फिरत होतं आणि आईला झोप लागली. शहरात जी पाठ सांभाळत होती तिला १३० वर झोप लागली! याचंच मला आज सगळ्यात नवल वाटलं.

मर्यादेचा जाच होईल असं वाटलं होतं. झाला नाही, आणि त्याला कारण आहे. या इंजिनाचा पुरा जोर, ६५० न्यूटन मीटर, २७५० आरपीएमलाच येतो. म्हणजे ५५०० च्या आत जवळजवळ सगळं हातात असतं. इंगोलश्टाटच्या पुढे, वेगमर्यादा संपल्याची पाटी आली तिथे, पुढे रस्ता मोकळा बघून पाचव्या गिअरमधून एकदा पाय दाबला. आवाज आधी घशातून आल्यासारखा, मग एकदम सलग. सीटने पाठ उचलून धरली आणि ११० चे १६५ कधी झाले ते मला रस्त्याकडे बघून नाही, वेगाचा आकडा बघून कळलं. मी लगेच पाय काढला. नंतर बराच वेळ उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागून शांत चालले. वेग कळत नाही, ही त्या गाडीची तारीफ आहे आणि तीच मला सांभाळायची गोष्ट आहे.

क्रूझ कंट्रोल लावलाच नाही. कधी १२०, कधी १५०, चढावर एक गिअर खाली, उतारावर इंजिनच्या ब्रेकवर. बाबा शेजारी कान लावून. मधेच म्हणायचे, “आता जरा ओढ,” थोड्या वेळाने, “आता सोड.” एका चढाला त्यांनी मान डोलावली, जशी एखाद्या पंपाने नीट पाणी उचलल्यावर डोलवायचे.

पेग्निट्झच्या पुढे ते घडलं. मी डाव्या लेनमध्ये, १६० च्या आसपास. मधल्या लेनमधून एक पांढरी व्हॅन इंडिकेटर न देता सरळ माझ्यासमोर आली, ती असेल ९० वर. पूर्ण ब्रेक. बेल्ट आपोआप आवळले गेले, मागे जाळीवर खोके आपटले आणि कुकरचं झाकण खण्णकन वाजलं. गाडीने नाक जेमतेम खाली केलं, स्टिअरिंग हातात होतं तिथेच राहिलं, शेपूट जरासुद्धा हललं नाही. व्हॅनचा नंबर वाचता येईल एवढ्या अंतरावर वेग जुळला. आई जागी होऊन “काय झालं गं?” म्हणाली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

बाबांचा हात डॅशबोर्डवर होता. तो त्यांनी सावकाश काढला. “मागचं ओझं पुढं आलं नाही,” ते म्हणाले. मग बरेच किलोमीटर गेल्यावर, आपण होऊन: “खंबाटकी उतरताना मागं तीन मोटारी असायच्या. ब्रेक दाबला की गाडी थांबायची, माल थांबायचा नाही. तुम्ही दोघं मध्ये बसलेले. मी कधी बोललो नाही, पण मला दर वेळी भीती वाटायची.”

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही पोरं त्या घाटात गाणी म्हणायचो.

जेवायला रुडोल्फश्टाइनजवळच्या पुलावर थांबलो. हायवेच्या वरून आडवं गेलेलं उपाहारगृह आहे, खालून सहा लेन वाहतात. शेजारी जाले नदी; पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा इथून जायची. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काचेतून खाली येणाजाणाऱ्या गाड्या बघत राहिले. आईचं लक्ष डब्यात. डबा सामानाच्या सगळ्यात वर, आणि डिकी उघडली तर टेबल खाली येईल अशी अवस्था. मागच्या वायपरपाशी एक छोटं बटण आहे. ते दाबलं की नुसती काच वर उघडते. आईने हात घालून अलगद डबा काढला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि काच लावून दिली. “हे फार चांगलं केलंय,” ती म्हणाली. गाडीबद्दल दिवसभरात ती एवढंच बोलली, आणि मला ते ५३० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त लागलं.

थुरिंगियात रेपसीडची शेतं, आपल्या मोहरीसारखीच पिवळीधमक. लाइपझिगच्या वर रस्ता सरळ होत जातो. बिटरफेल्ड ते डेसाऊ हा पट्टा मुद्दाम वेगाच्या विक्रमांसाठी बांधलेला होता. १९३९ मध्ये रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीजमधून इथे ताशी चारशेच्या जवळ वेग गाठला होता. मी तिथून १४० ने गेले. मोह झाला, कबूल करते. समोर रस्ता रिकामा, आकाश कोरडं, हिच्यात अजून कितीतरी शिल्लक. पण डावीकडे मीटर ९०० च्या घरात दिसत होता, आणि शेजारी बाबांचा डोळा लागला होता. ते गाडीत झोपत नाहीत, दुसरं कोणी चालवत असलं की तर मुळीच नाही. मी १४० वरच राहिले, पुढे १३० वर आले.

एकदाच पेट्रोल भरलं, ९८ ऑक्टेनचं, इथे त्याला सुपर प्लस म्हणतात. दिवसभराची सरासरी शंभर किलोमीटरला १०.३ लिटर. एवढ्या सामानासह, तिघांसह, मला ही कमीच वाटली.

धाकट्याने खाली येऊन आधी गाडीला चक्कर मारली, मग आईच्या पाया पडला. तिने त्याला यावरून चांगलंच सुनावलं. सामान चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तांदळाची गोणी मी नेली. परत खाली आले तर बाबा बॉनेटजवळ उभे, तळहात पत्र्यापासून वीतभर वर धरून. पंखा अजून फिरत होता. “तो थांबेपर्यंत थांबूया,” म्हणाले. थांबलो. रस्त्यावरचा एक मुलगा सायकल थांबवून चार एक्झॉस्ट पाइप मोजत होता.

वर आल्यावर त्यांनी धाकट्याकडे वही मागितली. इस्टेटच्या कप्प्यात अशीच एक वही असायची, दोरीने पेन बांधलेली. तारीख, मीटर, किती लिटर, काय आवाज आला. त्यांनी पहिल्या पानावर लिहिलंय:

“म्युनिक ते बर्लिन. ४१२ ते १००३. सरासरी १०.३. आवाज स्वच्छ. ब्रेक एकदा जोरात लावला, सरळ.”

सोमवारी परत. म्हणजे सोळाशेला टेकेल. दोन हजाराला चारशे राहतात आणि त्यांचं विमान बारा दिवसांनी आहे. पहिलं तेल काढतील तेव्हा त्यांना तिथे उभं राहून बघायचंय, चुरा किती पडला ते. पुढच्या शनिवारी गार्डा तलावाला जाऊन यावं असं ठरतंय. जाऊन-येऊन आठशे तरी होतील. वर्कशॉपला उद्याच मेल टाकते, ग्राहकाच्या वडिलांना लिफ्टखाली उभं राहू देतात का ते विचारायला.