वर्णपटांची प्रगती: अभिजित, काक्षी आणि गॅमा वेलोरम

मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेषांची काच) मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेऱ्यापुढे बसवलंय आणि आता वर्णपटातल्या रेषा खात्रीने ओळखता येऊ लागल्या आहेत. कॅलिब्रेशन, म्हणजे पिक्सेलवरून तरंगलांबी काढायची जुळणी, अभिजित (व्हेगा) ताऱ्यावर केलं. ताऱ्याचा मूळ ठिपका शून्य धरायचा, हायड्रोजनची 486.1 नॅनोमीटरची रेषा त्याच्यापासून किती पिक्सेलवर पडते ते मोजायचं, की मोजपट्टी तयार. पडताळायला 434 आणि 656.3 च्या रेषा आहेतच. 760 जवळ एक खोल खाच दिसते, ती मात्र ताऱ्याची नाही. आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ती आधी ओळखून ठेवावी.

मग मृगातला तांबडा काक्षी (बीटलज्यूस) घेतला. तिथे हायड्रोजनच्या रेषा शोधूनही हाती लागत नाहीत. आलेखभर टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे पसरलेत, निळ्या बाजूला कड्यासारखे तुटलेले आणि लाल बाजूला हळूहळू भरत जाणारे. 705 जवळचा तर फारच देखणा आलाय.

दोन्ही आलेख शेजारी ठेवले की अभिजित हायड्रोजनचा आणि काक्षी टायटॅनियमचा असंच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात दोघांच्याही बाहेरच्या थरांत हायड्रोजनच सर्वात जास्त आहे. दृश्य प्रकाशात त्याची शोषणरेषा उमटायची, तर अणूतला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जा पातळीवर असावा लागतो. अभिजितच्या सुमारे 9,600 केल्विनला असे अणू भरपूर मिळतात. काक्षीच्या साधारण 3,600 ला ते नगण्य, आणि एवढ्या कमी तापमानात रेणूही टिकून राहतात. म्हणजे रेषेच्या खोलीवरून थेट प्रमाण काढता येत नाही, आधी तापमानाचा हिशेब करावा लागतो. त्याची किल्ली भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या 1920 च्या आयनीभवन समीकरणात होती; कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, ते त्यातून कळतं. ती वापरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी 1925 च्या प्रबंधात तारे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे असल्याचं दाखवलं. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटलं नाही, म्हणून पेन यांना स्वतःच्याच आकड्यांवर अविश्वास लिहावा लागला. 1929 मध्ये वेगळ्या वाटेने रसेलही तिथेच पोचले. आपल्या साध्या आलेखांवर हा सगळा वाद दिसतो, याचं मला फार अप्रूप आहे.

पण गॅमा वेलोरमचं प्रकरण निराळं. हा वुल्फ-राये, म्हणजे अतिशय तप्त आणि स्वतःचा वायू जोरात बाहेर फेकणारा तारा आहे आणि त्याचा वर्णपट खाचांचा नाही, उंचवट्यांचा आहे. 465 आणि 569.6 जवळ आयनित कार्बनच्या रुंद, झगझगीत उत्सर्जन रेषा पहिल्याच फ्रेममध्ये उठून दिसल्या. इथे कारण नुसतं तापमान नाही. ताऱ्याने हायड्रोजनचं बाहेरचं आवरण उधळून टाकलंय आणि आतल्या भट्टीत तयार झालेला कार्बन उघडा पडलाय. रुंदी वाढते ती बाहेर सुसाटणाऱ्या वायूमुळे.

पुढे हंस तारकासमूहातले डब्ल्यूआर 134 आणि 136 हे वुल्फ-राये तारे घ्यायचे आहेत. ते नायट्रोजन गटातले असल्याने 465 जवळ उंचवटा तिथेही असेल, मात्र तो कार्बनचा नाही, हेलियम-नायट्रोजनचा; 569.6 चा कार्बनचा उंचवटा नसावा. दोन्ही बरेच मंद आहेत, त्यामुळे एक्सपोजर वाढवावं लागेल आणि ग्रेटिंग असं फिरवावं लागेल की शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपट यांच्यावर चढणार नाहीत.