ड्रायर बंद पडला आणि आम्ही ओटीपीत अडकलो

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. दुरुस्तीला आलेलं वॉशिंग मशीन तुमच्या डोळ्यांसमोर चालू होऊन त्यातनं एकदा कपडे पिळून बाहेर निघेपर्यंत कंपनीच्या माणसाला ओटीपी देऊ नका. कितीही गोड बोलला, कितीही घाईत असला तरी देऊ नका. हे एवढं एक माहीत असतं तर ऐन नवरात्राच्या तोंडावर माझे अठरा दिवस गेले नसते.

आमच्याकडं 2004 च्या दिवाळीत घेतलेलं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. एकीकडं धुवायचा टब, दुसरीकडं ड्रायर, धुवून झालं की कपडे हातानं उचलून ड्रायरमध्ये टाकायचे. भिशीतल्या बायका विचारतात अजून हेच कसं काय, बटण दाबलं की सगळं होतंय असं घ्या की. पण माझं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत गल्लीच्या टोकाला, नळाची धार कधीकधी करंगळीएवढी, आणि या मशीनला नळच लागत नाही. बॅरलमधलं पाणी बादलीनं ओतलं की झालं. आधी पांढरे कपडे, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, मग पायपुसणी, आणि शेवटी ते पाणी मोरी घासायला. 2019 च्या महापुरात पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती, शहरात पूर आणि नळ कोरडे, तेव्हा टँकरच्या चार बादल्यांत मी या मशीनवर आठ माणसांचे कपडे काढलेत. पाणी गल्लीत शिरायला लागलं तसं ह्यांनी आणि शेजारच्या पोरानं दोघांनीच उचलून ते वरच्या मजल्यावर नेलं, एवढं हलकं आहे. त्यामुळं हे टाकून द्यायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, आजही येत नाही.

तर झालं असं, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रायर बंद पडला. टायमर फिरवला की नुसता हूं... हूं... आवाज, आतला ड्रम हलेना. वॉशचा टब व्यवस्थित चालू. कोल्हापुरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण पांघरूण सगळं धुऊन निघालं पाहिजे. आमच्या आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्या गाठोडी बांधून पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर रंकाळा तलावाजवळ धुण्याच्या चावीला, म्हणजे धुणं धुवायच्या जागी, जायच्या. आता वाकळा तेवढ्या बाहेर, चादरी आणि अभ्रे मशीनवर. आणि ड्रायर नसला तर भिजलेली सोलापुरी चादर पिळून बघा एकदा, मनगटं भरून येतात.

मी कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावला. मॉडेल नंबर विचारला. मागचा स्टिकर एकवीस वर्षांत पुसून गेलेला, पहिली चार अक्षरं दिसत होती फक्त. (मशीन घरात आलं की त्याच दिवशी स्टिकरचा फोटो काढून ठेवा, बिलाचापण, बिलावरची शाई उडून जाते.) पलीकडची मुलगी म्हणाली हे मॉडेल लिस्टमध्ये येत नाही, जवळचं एक टाकते. मी म्हटलं टाका. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, नंतर त्याचाच घोळ झाला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. ड्रायरमध्ये हात घालून ड्रम दोनदा हलवला, टायमर फिरवून आवाज ऐकला आणि म्हणाला मोटर जळाली, मागवावी लागेल. मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. साडेचारशे रुपये व्हिजिट चार्ज घेतला आणि म्हणाला मॅडम एक ओटीपी आलाय बघा, तो सांगा, त्याशिवाय पार्टची रिक्वेस्ट पुढं जात नाही. मी सांगितला. दोन मिनिटात इंग्रजीत मेसेज आला, तक्रार सोडवल्याबद्दल धन्यवाद, स्टार द्या. मला वाटलं आला गेला त्याचा असेल.

पाच दिवस वाट बघितली. फोन केला तर म्हणे तुमची तक्रार बंद झालीय, काम झालंय, परत प्रॉब्लेम असला तर नवीन नोंदवा, व्हिजिट चार्ज पुन्हा साडेचारशे. मी म्हटलं अहो काम सुरूच झालं नाही तर पुन्हा कुठनं आला? ती तेच वाक्य परत म्हणाली. पुढच्या दोन दिवसात सहा फोन केले, सहा वेगवेगळी माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि प्रत्येकानं शेवटी तुमचा ओटीपी आलाय म्हणायचं. त्या इंजिनिअरला फोन लावला तर पहिल्यांदा उचलला, नंतर उचललाच नाही.

मग मी स्वतः सर्व्हिस सेंटरला गेले. सकाळी अकराला टोकन घेतलं, साडेबाराला नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली, हिरव्या पट्टीत लिहिलेलं, काम पूर्ण, ग्राहकाची ओटीपीनं खात्री. माझी खात्री! माझ्याच घरी आत्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला धरून चादरी पिळत होतो आणि तिथं हिरव्या पट्टीत माझ्याच नावानं लिहून ठेवलेलं की काम झालं. सांगताना अजून माझा आवाज चढतो. मी तिला म्हटलं, बाई तू माझ्या घरी चल, मशीन बघ, चालू असलं तर मी हजार रुपये देते. ती बिचारी म्हणाली मॅडम, मला ही पट्टी बदलता येत नाही, मॅनेजर साहेब चारनंतर येतील. चारपर्यंत बसले. डबा नव्हता, खाली जाऊन एक चहा घेऊन आले तेवढाच.

मॅनेजर आले, बोलायला चांगले होते, पण त्यांनी मशीनचं एक अक्षर काढलं नाही, एक्स्चेंजचंच सांगायला लागले. जुनं द्या, पंधराशे वजा करतो, नवीन फुल्ली ऑटोमॅटिक घ्या, हप्त्यानं घ्या. मी तीनदा सांगितलं मला नवीन नको, तक्रार परत उघडून द्या. ते म्हणाले सिस्टीममध्ये तसं करता येत नाही.

घरी येऊन मी 1915 ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. सगळं शांतपणे सांगितलं, तारखा सांगितल्या, त्यांनी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, दिला. हे मी पहिल्याच फोननंतर करायला पाहिजे होतं, तुम्ही करा. तारखा मात्र लिहून ठेवा, मी कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहिल्या होत्या म्हणून सांगता आल्या. तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन, एकदम नरम आवाज, मॅडम तुमची तक्रार परत उघडलीय. जी पट्टी कुणाला बदलता येत नव्हती ती बदलली.

दुसरा माणूस मोटर घेऊन आला. मोटर बसेना, कारण ती त्या "जवळच्या" मॉडेलची. आमच्या मॉडेलची आता बनत नाही म्हणाला. यावेळी मी ओटीपी दिला नाही. आधी जॉबशीटवर लिहायला लावलं, पार्ट उपलब्ध नाही, मशीन दुरुस्त झालेलं नाही, खाली त्याची सही. साडेचारशे परत आले, त्याला आणखी चार दिवस लागले.

तोपर्यंत घट बसायला तीनच दिवस राहिलेले. ह्यांच्या ओळखीनं उद्यमनगरातनं एक मामा आले, मोटर बांधायचं काम करतात आणि अशी जुनी मशीनं बघतात. आल्या आल्या प्लग काढला, मागचे स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं आणि बॅटरी मारून मला बोलावलं. "वहिनी, हितं बघा. मोटर जळल्याली न्हाई, ब्रेक सुटंना झालाय."

मोटरच्या वर एक गोल चाक असतं, त्याला एका बाजूनं ब्रेकचा गुटका टेकलेला. ड्रायरचं झाकण बंद केलं की एक बारीक तार ओढली जाते आणि गुटका चाकापासून सुटतो. आमची तार गंजून ढिली पडली होती, झाकण लावलं तरी गुटका चिकटलेलाच, मोटर जोर लावून नुसती हूं करत होती. आणि तार गंजली कशानं, तर ड्रायरच्या खालचं रबरी सील फाटून पाणी ठिबकत होतं. तिथं बुरशीसारखा तांबूस थर बसलेला, मी बोटानं पुसून बघितला. मामांनी तार बदलली, सील बदललं, कपॅसिटर जुना म्हणून तोपण नवीन टाकला. पाऊण तास. साडेसातशे रुपये, सामान धरून.

हां, मामांनी सांगितलेल्या दोन गोष्टी राहिल्या. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट राहतो, त्यामुळं मागचं झाकण हौसेनं स्वतः उघडू नका. आणि ड्रायरमध्ये कपड्यांवर ती प्लास्टिकची जाळी दाबून बसवल्याशिवाय फिरवू नका, कपडा वर येऊन अडकतो. कपडे एका बाजूला जास्त झाले तर ड्रम धडधडतो, तसंच रेटत राहिलं की सील लवकर जातं. आमचं तसंच गेलं असणार, पोरं घाईत कशीही कोंबतात. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, हे पोरांना ओरडून सांगितलंय.

मामांनी झाकण लावलं आणि टायमर फिरवला. सुरुवातीला घुर्र झालं, मग ड्रमनं वेग घेतला आणि पाइपातनं मोरीत पाण्याची धार पडली. आत्या तिथंच पाटावर बसल्या होत्या, म्हणाल्या, "आता पहिली माझी चादर टाक." संध्याकाळपर्यंत गच्चीवर अकरा चादरी वाळत होत्या.