पन्नास कोणी ठरवले?

मंगळवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि मोबाईल वाजला. चलान. ५० च्या रस्त्यावर ६२, दंड दोन हजार. सोबत माझ्याच गाडीचा मागून काढलेला काळपट फोटो. बायकोने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "डिकीवरचा ओरखडा किती स्पष्ट आलाय बघ. पॉलिश केल्यावर गेला म्हणाला होतास ना?"

दंडाचे दुःख नव्हते. (होते.) पण आठ वर्षे मी त्या रस्त्याने जातोय आणि तिथे ५० ची पाटी आहे याचा मला पत्ता नव्हता. संध्याकाळी चालत जाऊन शोधली. होती बिचारी, कडुनिंबाच्या फांदीमागे. लाल वर्तुळातले शून्य तेवढे दिसत होते. पाचावर कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. शून्याच्या वेगाने जायचे म्हणजे घरीच बसायला हवे होते.

मग डोक्यात भुंगा लागला, हे ५० ठरवले कुणी? केंद्राने २०१८ साली कमाल वेग ठरवून दिले आहेत. मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १००, नगरपालिका हद्दीत ७०. ही वरची रेघ. शाळा असेल, पूल कमजोर असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने राज्याला ती खाली ओढता येते. शहरात हे बहुधा वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होते. अमुक चौक ते तमुक चौक, प्रायोगिक तत्त्वावर, 'हरकती व सूचना असल्यास लेखी कळवाव्यात'. ही सूचना पेपरात आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'कागदपत्रे गहाळ' यांच्या शेजारी राहते. मी आजवर एकही हरकत घेतलेली नाही. फोटो आल्यावर घ्यायला निघालो होतो.

रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची रीत मला जास्त आवडली. मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात, तो आकडा हाताशी धरायचा. म्हणजे चारचौघे जातात तसे जा. आपल्याकडे अडचण एवढीच की त्या शंभरात उसाची ट्रॉली, उलट्या बाजूने येणारा दूधवाला आणि मधोमध रवंथ करणारी म्हैस धरायची की नाही?

काही रस्ते मात्र मनातले बोलतात. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणावर ४०. पाटी नसती तरी पाय तिथे आपोआप हलका झाला असता. माझा ५० चा रस्ता मात्र ऐसपैस, नवा, काँक्रीटचा. तो म्हणतो पळ, आणि पाटी म्हणते थांब.

पाटीचे ऐकत नाहीत म्हटल्यावर लोक काय करतात, ते आमच्या गावी पाहिले. शाळेसमोर एका मोटारसायकलवाल्याने चौथीतल्या पोरीला उडवले. पोरीचा पाय मोडला. त्या रात्री तात्यांच्या घराच्या स्लॅबची उरलेली खडी-सिमेंट रस्त्यावर आली आणि सकाळी एसटीतली सगळी माणसे एकदम उभी राहिली. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे २५ च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद उतरते. तात्यांचा वीतभर उंच आणि हातभर रुंद. २५ ने गेलात तर सायलेन्सर तिथेच ठेवून जाल.

"तात्या, परवानगी घेतली होती का?"

"अर्ज दिलेला दोन वर्षांमागं," तात्या म्हणाले. "त्यो अजून हळूहळू चाललाय."

पुढे एक सरकारी जीप आली. साहेब उतरले, बुटाने उंची चाचपली, शाळेकडे बघितले आणि निघून गेले. महिन्याभराने कुणीतरी त्यावर पांढरे-पिवळे पट्टे ओढून गेले.

गेल्या आठवड्यात तिकडून आलो. पहिला गिअर टाकून, श्वास धरून गाडी चढवली. कडेला एक आजी पेरूची पाटी घेऊन बसल्या होत्या. पूर्वी त्या फाट्यावर बसत. "हितं समद्या गाड्या थांबत्यात," म्हणाल्या. दोन किलो घेतले. मिठाची पुडी त्यांनी खिडकीतून आत टाकली, तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.