इतकी वर्षं मदत जाते, मग नायजर गरीबच कसा?

सुट्टीत गावी आले की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत. "एवढे देश एवढी वर्षं आफ्रिकेला पैसा देतायत, तरी तिथली माणसं उपाशीच. मग तो पैसा जातो कुठे? आणि ताई, तुम्ही आपलं सोडून तिथे कशाला?" विचारणाऱ्याच्या पोटात बहुतेकदा खरीच कळकळ असते, म्हणून सविस्तर सांगते.

परभणीला कृषी शिकून मी गेले ती नायजरला. नायजेरियाच्या उत्तरेला, समुद्र नसलेला, बराचसा सहारात गेलेला हा देश. दहातली आठ माणसं खेड्यात राहतात. पेरा बाजरीचा, मधे चवळी, कुठे भुईमूग. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. आपल्या बीड-जालन्याच्या शेतकऱ्याला तिथे फार काही परकं वाटणार नाही. जुनी बाजरी संपलेली आणि नवी अजून कणसात भरायची, ते दोन-तीन महिने सगळ्यात वाईट. तेव्हा पोषण केंद्रांपुढे लेकरं कडेवर घेतलेल्या आयांच्या रांगा लागतात.

पैसा जातो कुठे? बराचसा वाटेतच मुरतो. बाहेरच्या तज्ज्ञांचे पगार, गाड्या, राजधानी नियामेतल्या बैठका, अहवाल. प्रकल्प तीन वर्षांचा असला तर पहिलं वर्ष कागदपत्रांतच निघून जातं. हे मी आतून पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. तरीही मदत बंद करा म्हणणाऱ्यांना मी मारादीकडे बघायला सांगते.

मारादी हा दक्षिणेतला भाग. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे झाडं लावत होते आणि बहुतेक रोपं मरत होती. 1983 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की शेतात जी खुरटी झुडपं दिसतात ती तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. मुळं जमिनीत जिवंत आहेत. मग शेतकरी ती वाढू का देत नव्हते? फ्रेंच अमलापासूनच्या कायद्याने झाड सरकारचं. वाढू दिलं तर वनरक्षकाचा जाच, त्यापेक्षा पेरणीआधी छाटून टाकलेलं बरं! 1984 च्या दुष्काळात फुटवे राखणाऱ्यांना धान्य दिलं गेलं. धान्य थांबलं तशी बऱ्याच जणांनी झाडं तोडलीही. पण ज्यांनी राखली त्यांचं सरपण, चारा, बाजरी शेजाऱ्यांना दिसत होती. वनखात्यानेही जाच कमी केला. पुढच्या वीस वर्षांत सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली, आणि ती उपग्रहाच्या चित्रांतून मोजली गेली. रोपवाटिका नाही, कुंपण नाही. शेतकऱ्याचा हक्क कागदावर पक्का व्हायला मात्र 2020 चा सरकारी आदेश यावा लागला.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे काम करताना मी शेजारी बसून पाहिलंय. खुंटाला झुडपासारखे दाट फुटवे. त्याने बोटांनी एकेक चाचपला, जोमदार चार-पाच ठेवले, बाकीचे काढले. ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या खालून वर घाव घालत छाटल्या, म्हणजे साल ओरबाडत नाही. छाटलेलं सरपण सुनेने मोळी बांधून नेलं. शेतात गाओची झाडं होती. हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. कोरड्या दिवसांत शेळ्यांना त्याच्या शेंगा मिळतात.

26 जुलै 2023 ला राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच पहाऱ्यावरच्या सैनिकांनी कोंडलं आणि सत्ता बळकावली. काही शेजारी देशांनी सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली, युरोपने निधी थांबवला. शेजाऱ्यांचे निर्बंध फेब्रुवारी 2024 पर्यंत चालले. या काळात सेनापतींच्या ताटातलं काही कमी झालं नाही. औषधं आणि धान्य मात्र सीमेवर अडकलं. सत्ता बळकावणाऱ्यांना धडा शिकवायला खेड्यातल्या बाईचं पोट आवळायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा 1985 पासून चालत आलेली दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही काही महिने बंद पडली. कुठल्या भागात धान्य कधी कमी पडणार, हे ती आधीच सांगते. सगळ्या मदतीत शेवटी हात लावायचा तो याला, आणि तीच पहिल्या फटक्यात गेली.

आता "आपलं सोडून तिथे कशाला" याबद्दल. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेच्या याच कोरड्या पट्ट्यातून आपल्याकडे आली. ती जुनी गोष्ट झाली, ताजी सांगते. महाराष्ट्रात 2012 मध्ये आलेलं धनशक्ती हे जास्त लोहाचं वाण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेने राहुरीच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार केलं. त्याचं मूळ टोगोच्या शेतकऱ्यांनी जपलेल्या इनियादी बाजरीत आहे. म्हणजे आपल्या पोरींच्या रक्तात लोह वाढावं म्हणून जे बियाणं पेरलं, ते तिकडच्या शेतकऱ्यांचं देणं आहे.

भारताने नियामेत महात्मा गांधींच्या नावाचं भव्य अधिवेशन केंद्र बांधून दिलं, 2020 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ते पाहून ऊर भरून येतोच. पण नियामेजवळ साडोरेला इक्रिसॅटचं केंद्र आहे, त्याचं मुख्यालय आपल्याच देशात आहे, आणि राहुरी-परभणीत बाजरीत आयुष्य घातलेली माणसं आहेत. भारताचा पुढचा रुपया इमारतीत न जाता तिथे जावा, तिथल्या शेतकऱ्यांबरोबर बियाण्यावर खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं. दिल्लीतल्या जबाबदार माणसांना मी हे सांगितलंय, पुन्हा सांगणार आहे.